कंटाळा प्रकल्प: काउंटर-स्ट्राइक २ च्या नोंदी

१२ जुलै २०२५

उद्देश आधी लिहून ठेवतो, नाहीतर महिनाभराने हे सगळं कशासाठी सुरू केलं तेच आठवायचं नाही. मला काउंटर-स्ट्राइकचा, म्हणजे पाच विरुद्ध पाच अशा या ऑनलाइन गोळीबाराच्या खेळाचा, कंटाळा आलाय. तो नेमका कशाचा आलाय, हे शोधायचं आहे. खेळ सोडायचा की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

नेहमीची कारणं आधी निकालात काढतो. खेळ मरायला टेकलाय म्हणावं, तर याच वर्षी एप्रिलमध्ये एका वेळी १८ लाखांहून जास्त लोक खेळत होते. १९९९ मध्ये हाफ-लाइफ या खेळाचा मॉड (चाहत्यांनी बदलून केलेला खेळ) म्हणून सुरू झालेली गोष्ट आज पूर्वी कधी नव्हती एवढी गजबजलेली आहे. नवं काही येत नाही म्हणावं, तर २०२३ मध्ये सीएस २ आला तेव्हा स्मोकच (ग्रेनेडचा धूर) बदलला: आता तो जागा भरतो, दाराखालून बाहेर येतो, आत ग्रेनेड फुटला की क्षणभर फाटतो. चीटर आहेत, त्यांच्यावर वेगळी वही लिहावी लागेल. पण चीटर नसलेल्या मॅचमध्येही मला जांभया येतात, तेव्हा ते कारणही बाजूला.

संशय आला तो काल, मिराज या मॅपवर. आम्ही सीटी, म्हणजे टेररिस्टांना बॉम्ब लावू न देणारा संघ. समोरच्यांनी आदला राउंड घालवलेला, रायफली गमावलेल्या. फ्रीज टाइममध्ये (राउंडआधीचे खरेदीचे काही सेकंद) मी माइकवर म्हणालो, "हे आता थांबणार नाहीत, फोर्स करणार आणि पॅलेसमधून 'ए'वर धावणार." (फोर्स म्हणजे पैसे अपुरे असतानाही मिळेल ते घेऊन चाल करणं; 'ए' आणि 'बी' या बॉम्ब लावायच्या दोन जागा.) तसंच झालं. पाचही जण पॅलेसमधून आले, आम्ही उभे होतोच, संपलं. मी बरोबर निघालो आणि मला काहीही वाटलं नाही. पूर्वी असा अंदाज खरा ठरला की रात्रभर त्याच मस्तीत असायचो.

तर पहिला तर्क: राउंड सुरू होण्याआधीच मला त्याचा शेवट कळतो, म्हणून कंटाळा.

पद्धत: फ्रीज टाइममध्ये कागदावर खूण करायची. जिंकणार असेल तर डावीकडे, हरणार असेल तर उजवीकडे. खरेदीला वेळ लागत नाही, ती बोटांना पाठ आहे. उरलेले सेकंद पेन्सिलीला.

१३ जुलै

तांत्रिक भाग. प्रत्येक मॅचची डेमो फाइल खेळातल्या 'वॉच'मधून उतरवून घेता येते, पण कायमची राहत नाही, म्हणून लगेच उतरवायची. ही फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे. सेकंदाला ६४ टिक, आणि प्रत्येक टिकला कोण कुठे उभा आहे, कुठे बघतोय, किती हेल्थ, हातात काय, खिशात किती, अशी सगळी माहिती. पायथनमधून वाचायला तयार लायब्ररी आहे. ती आतून रस्टमध्ये लिहिलेली असल्याने शेकडो एमबीची फाइल बघता बघता वाचते. वॉर्मअपमधले मृत्यू गाळावे लागतात, आणि बाराव्या राउंडनंतर बाजू बदलतात ते सांभाळावं लागतं. दुपारपर्यंत प्रत्येक राउंडला दोन्ही संघांकडे किती रुपयांचं (म्हणजे डॉलरचं) सामान होतं आणि कोण जिंकलं, एवढा तक्ता निघायला लागला.

जाता जाता लिहून ठेवतो: आज दुपारी जितकी मजा आली तितकी गेल्या महिनाभरात खेळताना आली नव्हती.

१९ जुलै

या महिन्यात प्रीमियरचा (रेटिंग लावून खेळायच्या मोडचा) तिसरा सीझन सुरू झाला. अनुबिस मॅप यादीतून बाहेर, ओव्हरपास आत. आमच्या पाचांतले दोघे ओव्हरपास बॅन करा म्हणून आत्तापासूनच गळा काढतायत.

पैशांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण माझा सगळा तर्क त्यावर उभा आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं हा गोळ्या झाडायचा खेळ. आहेच, पण निम्मा खेळ हिशेबाचा आहे. पिस्तूल राउंडला प्रत्येकाकडे ८०० असतात. एके रायफल २७०० ला, एम-फोर रायफल २९०० ला, हेल्मेटसकट चिलखत १००० ला, ऑप (स्नायपर रायफल) ४७५० ला. स्मोक ३००, सीटीला डिफ्यूज किट (बॉम्ब लवकर निकामी करायला) ४००. माणसं मारून किंवा वेळ संपवून राउंड जिंकलात तर ३२५० मिळतात. हरलात तर भत्ता. पहिल्या पायरीला १४००, आणि हरतच राहिलात तर पाचशे-पाचशेने चढत ३४०० पर्यंत. एकदा जिंकलात की भत्ता एक पायरी खाली येतो. शिवाय टेररिस्ट बॉम्ब न लावता वेळ संपेपर्यंत जिवंत राहिला, तर त्याला काहीच नाही.

समोरच्याचे पैसे दिसत नाहीत, पण मोजता येतात. भत्ता तळाशी असताना एखादा संघ रायफलींसकट हरला, तर साधारण प्रत्येकाच्या खिशात दीड हजार उरले असं धरू. वर १४०० मिळाले. झाले २९००. यात एके येते, पण मग २०० उरतात आणि ६५० चं साधं केव्हलर (हेल्मेटशिवायचं चिलखत) सुद्धा येत नाही. उघड्या छातीने एके घेऊन कोण जाणार? म्हणजे एकतर हा राउंड सोडून पुढच्यासाठी साठवायचं (इको), नाहीतर डीगल पिस्तूल आणि स्वस्तातल्या एसएमजी (सबमशीनगन) घेऊन एकदम अंगावर यायचं (फोर्स). साठवणार असतील तर कुठेतरी कोपऱ्यात गठ्ठ्याने बसतील, एखादी रायफल हिसकावता आली तर बघतील. फोर्स असेल तर जवळच्या लढाईची जागा शोधतील, कारण लांबून त्यांचा निभाव लागणार नाही. मिराजवर अशी जागा म्हणजे पॅलेस किंवा अपार्टमेंट्स.

वर्षानुवर्षं खेळलेल्याच्या डोक्यात हे गणित आपोआप चालतं. मुद्दाम बेरीज करावी लागत नाही, राउंडच्या सुरुवातीला नुसता एक वास येतो.

२७ जुलै

कागदावरच्या खुणा आणि डेमोतले निकाल जुळवले.

एका बाजूला पूर्ण खरेदी आणि दुसरीकडे इको असेल, तर मी जवळजवळ नेहमी बरोबर. हे कोणीही सांगेल. फोर्स असेल तरी बऱ्यापैकी बरोबर. पण दोन्हीकडे पूर्ण खरेदी असते तेव्हा माझा अंदाज म्हणजे छापा-काटा. आणि मॅचचा मोठा भाग असेच राउंड असतात, विशेषतः पूर्वीसारखं सोळापर्यंत न खेळता तेरापर्यंत खेळायला लागल्यापासून.

म्हणजे शेवट मला कळत नाही. निदान निम्म्या वेळी तरी नाही.

तर्क तिथेच सोडला असता, पण आठवडाभर मी दुसरी खूणही करत होतो: राउंड संपल्यावर, जागा होतो की झोपेत. काल इन्फर्नो मॅपवर बीला मी एकटा उरलो, समोर दोघे, बॉम्ब लागलेला. मी 'हरणार' अशी खूण केलेली. बॉम्ब ४० सेकंदांत फुटतो. किट असेल तर डिफ्यूजला ५ सेकंद लागतात, नसेल तर १०. माझ्याकडे किट होतं आणि एक स्मोक. बनाना नावाच्या गल्लीकडून आलेला एक जण मारला, स्मोक बॉम्बवर टाकला, आत शिरलो, डिफ्यूज धरला, दोन सेकंदांनी सोडला. समोरच्याने त्या आवाजावर स्मोकमधून गोळ्या झाडल्या आणि आपली जागा दाखवली. त्याला मारला आणि पुन्हा डिफ्यूज धरला. हेडफोनमध्ये चौघेही बोंबलत होते. एक जण तर खुर्चीवरून उठलाच असावा, त्याचा माइक लांब गेल्यासारखा वाटला.

खूण बघितली: झोपेत.

अंदाज साफ चुकलेला, राउंड वर्षातून एखाद्या वेळी येतो तसला, आणि तरीही झोपेत. पहिला तर्क बाद.

३ ऑगस्ट

जुलैअखेरच्या मोठ्या अपडेटमध्ये ॲनिमेशनची यंत्रणा बदलली. लायब्ररी नव्या फायलींवर अडखळतेय. नवी आवृत्ती येईपर्यंत काम बंद.

डेमो वाचता येत नाही म्हटल्यावर खेळायलाही बसलो नाही. या वाक्याचा अर्थ मला कळतोय.

१० ऑगस्ट

लायब्ररी सुधारून आली. आज एक वेगळी गोष्ट काढली, आणि ती बघून बराच वेळ बसून राहिलो.

डोक्यात आलं होतं ते असं: निकाल सोडा, मी काय करतो ते बघू. प्रत्येक सीटी राउंडला, फ्रीज टाइम संपल्यापासून विसाव्या सेकंदाला (घड्याळात १:३५) मी नकाशावर कुठे असतो, तिथे एक ठिपका.

डेमोतले आकडे खेळाच्या जगातले असतात, रडारच्या चित्रातले नाहीत. ते बदलून घ्यायला प्रत्येक मॅपचे तीन आकडे लागतात. मिराजचे -३२३०, १७१३ आणि ५. एक्समधून पहिला वजा करायचा आणि पाचाने भागायचं. दुसऱ्यातून वाय वजा करायचा आणि पुन्हा पाचाने भागायचं. येतो तो १०२४ बाय १०२४ च्या चित्रातला बिंदू.

ठिपके पारदर्शक ठेवले होते, म्हणजे एकावर एक पडले की गडद होतील. नकाशा जवळजवळ कोरा. मिडकडे (मॅपच्या मधल्या भागाकडे) बघणाऱ्या विंडोत एक काळाकुट्ट डाग. तिथून कनेक्टरकडे जाणारी एक बारीक शेपटी: विंडोवर स्मोक पडला की मी तिकडे सरकतो, त्याची. इतर ठिकाणी दोन-चार चुकार ठिपके, तेही बहुतेक इकोचे.

डाग मोठा करून बघितला. विंडोतही मी कुठेही उभा राहत नाही. एकाच बाजूला, भिंतीला खेटून. मॅच वेगळी, संघ वेगळा, महिना वेगळा, समोर रश येतोय की शांतता आहे कशाचा पत्ता नाही, आणि मी पाच-सहा पिक्सेलच्या आत.

मग बघण्याची दिशाही काढली. तीही तीच. क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) एकाच उंचीवर, एकाच कडेला.

निकाल कळत नाही हे २७ जुलैलाच सिद्ध झालं. पण मी काय करणार ते मला पूर्ण कळतं. समोरचे दर वेळी वेगळं काहीतरी करतात. मी करत नाही. दुसरा तर्क: मला खेळाचा नाही, या डागाचा कंटाळा आलाय.

२३ ऑगस्ट

जागा बदलून मागितली. आमचा कॉलर (डावपेच ठरवणारा) पुराणमतवादी माणूस.

"अरे, चाललंय ते चांगलं चाललंय ना? विंडो तुझी आहे."

"म्हणूनच नको. मला बी दे."

"बीला एकटं बसावं लागतं. स्मोक, मॉली, सगळं तुझ्या डोक्यावर. मदत यायला वेळ लागतो."

"माहितीये रे."

"रेटिंग जाणार."

"जाऊ दे."

शेवटी ठरलं: मिराजवर मी बी, टेररिस्ट असताना लर्क (संघापासून दूर एकट्याने लपतछपत फिरणं) नाही, एन्ट्री. म्हणजे सगळ्यात आधी आत शिरून मरायचं काम. ज्याची बी होती तो विंडोत जाणार. त्याने लगेच विचारलं, विंडोत नेमकं कुठे उभं राहू? मी त्याला स्क्रीनशॉट पाठवला. डागाचा.

१४ सप्टेंबर

पहिले दोन आठवडे झकास गेले. बीला अपार्टमेंट्समधून येणारी पावलं ऐकायला शिकलो. खरी चाहूल कोणती आणि एक माणूस मुद्दाम आवाज करतोय ती कोणती, हे अजून नीट कळत नाही, आणि न कळण्यात गंमत होती. एन्ट्री करताना राउंडच्या पंचविसाव्या सेकंदाला मरून मग दीड मिनिट इतरांचं बघत बसायचं, तेही चाललं.

रेटिंग कॉलरने सांगितल्याप्रमाणे गेलं. १५,००० च्या खाली आलो, म्हणजे जांभळ्यातून निळ्यात. एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. आकड्याच्या मागचा रंगच तर बदलला! पण लॉबीत पाच जण शेजारी उभे असतात, चौघांचे आकडे जांभळे आणि एक निळा, हे दर वेळी दिसतं. या आकड्याची गोम अशी की तो फक्त जिंकल्या-हरल्यावर हलतो, आणि जिंकायचा सोपा मार्ग म्हणजे येतं तेच करत राहणं. नवं शिकणाऱ्याला तो दर मॅचला दंड लावतो. शिकायचं असेल तर सरावाच्या डेथमॅचमध्ये शिका, असं म्हणतात. पण डेथमॅचमध्ये बी धरून बसायला कोण येतो?

आज ठिपके पुन्हा काढले. बीवर, व्हॅनच्या मागे. अजून डाग म्हणण्याइतका गडद नाही, पण होतोय. पहिल्या आठवड्याचे ठिपके निळे केले आणि शेवटच्या आठवड्याचे लाल. निळे सगळीकडे शिंपडलेले, लाल गोळा झालेले.

यात आश्चर्य नाही. चांगली जागा चांगली असते म्हणूनच तिथे उभं राहतात. डस्ट २ मॅप २००१ पासून आहे. जवळजवळ पंचवीस वर्षं लाखो लोकांनी घासून घासून कुठे उभं राहायचं ते ठरवून टाकलंय, मी वेगळं काय काढणार?

५ ऑक्टोबर

आज मॅच नाही. रिकाम्या सर्व्हरवर भिंतीवर एके रिकामी केली, तीस गोळ्या, पुन्हा पुन्हा. गोळ्या आधी वर जातात, मग एका बाजूला, मग उलट बाजूला. माउस त्याच्या विरुद्ध ओढायचा. जमलं की तीसच्या तीस गोळ्या ताटलीएवढ्या जागेत.

कंटाळा आला नाही. हे टेबलात कुठे भरायचं कळत नाही, कारण यासारखी पुनरावृत्ती दुसरी नाही. पॅटर्न ठरलेला, हाताची हालचाल ठरलेली, भिंतसुद्धा तीच. दुसऱ्या तर्काला हे बसत नाही. नोंद करून ठेवतो.

२४ ऑक्टोबर

परवाच्या अपडेटने धुमाकूळ घातलाय. आता पाच लाल, म्हणजे कव्हर्ट, स्किन (बंदुकांवरची विकत मिळणारी सजावट) देऊन चाकू किंवा ग्लोव्हज घेता येतात. चाकूंचे भाव कोसळले, लाल बंदुकांचे उडाले. काल रात्री लॉबीत पाचही जण तासभर होतो आणि कोणीही 'गो' दाबलं नाही. एक जण किती गेले ते मोजत होता, एक जण किती आले ते. कॉलरने तर बाजाराचे आलेखच शेअर केले.

माझ्याकडे विकण्यासारखं काही नाही. दर आठवड्याला पहिली रँक वाढली की चार वस्तूंतल्या दोन निवडायला मिळतात. त्यात आलेला फुटकळ माल तेवढा आहे. मी गप्प बसून ऐकत होतो. गेल्या काही महिन्यांतली ही मला सगळ्यात आवडलेली रात्र, आणि तिच्यात एकही राउंड नव्हता.

२ नोव्हेंबर

आमच्या ऑपवाल्याला ठिपक्यांचं कळलं. "माझे काढ ना रे." तो माझ्याच इतकी वर्षं खेळतोय, ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या (सीएस २ च्या आधीच्या खेळाच्या) सुरुवातीपासून, म्हणजे २०१२ पासून. आणि त्याला कंटाळा कधीच आलेला नाही. रात्री बाराला "एक शेवटची" म्हणणारा नेहमी तोच.

माझा अंदाज: त्याचे ठिपके नकाशाभर असणार. तसं निघालं असतं तर दुसरा तर्क पक्का झाला असता.

काढले. सगळे मॅप. माझ्याहून घट्ट. डस्ट २ वर लाँगकडे बघणारा एकच ठिपका म्हणावा असा डाग. इन्फर्नोवर तेच, न्यूकवर तेच. मिराजवर तर मला प्रोग्रॅममध्ये काही बिघडलंय की काय वाटलं, म्हणून कच्चे आकडे तपासले. बरोबर होते.

त्याला पाठवले. "देव्हाऱ्यातल्या देवासारखा बसलायस एका जागी," असं वर लिहिलं.

त्याचं उत्तर आलं: "मस्त जागा आहे ती. फ्रेम करून लावतो."

फोन केला. विचारलं, तुला रोज तिथेच उभं राहून तेच दार बघायचा कंटाळा येत नाही? तो म्हणाला, "दार बघतच नाही मी. दारातून कोण येतं ते बघतो."

मी म्हटलं, कोण येतं ते तर तुला माहीत असतं. तो म्हणाला, माणूस माहीत असतो, पण कधी येतो ते कुठे माहीत असतं? आणि मग अर्धा तास त्याने आदल्या दिवशीचा एक किल सांगितला. कोणीतरी दारात दोनदा खांदा दाखवला, हा थांबला, तिसऱ्यांदा तो खरंच आला. ती मॅच मीही खेळलो होतो. तो राउंड मला आठवतसुद्धा नव्हता. कागद काढून बघितला: माझी खूण 'झोपेत'.

दुसरा तर्कही गेला. त्याच्या डोळ्यांना जे अजून दिसतं ते माझ्या डोळ्यांना दिसायचं थांबलंय, आणि ते डेमोत नाही. टिकमध्ये सगळं आहे: कुठे उभा, कुठे बघतोय, खिशात किती. बघावंसं वाटतंय की नाही, याचा रकाना नाही. तिसरा तर्क मांडत नाही.

१५ नोव्हेंबर

चौघांना सांगितलं. कॉलर म्हणाला, सीझन संपेपर्यंत तरी थांब. मी म्हटलं, निळा आहे मी, तुमचा फायदाच आहे. हसले. ऑपवाला तेवढा हसला नाही. "अधूनमधून येशील ना?" येईन म्हणालो, आणि ते खरंही आहे. भिंतीवर एके रिकामी करायला तर नक्कीच.

डेमोंनी डिस्क भरली होती. त्या उडवल्या, तक्ते ठेवले. प्रोग्रॅम कॉलरला दिला. त्याला समोरच्या संघांचे ठिपके हवेत, तेवढा बदल करून द्यायचा राहिलाय. त्यासाठी दोन कामं: खेळाडू निवडायची सोय करायची, आणि ओव्हरटाइममध्ये बाजू जास्त वेळा बदलतात ते हाताळायचं. पुढच्या रविवारी.

रात्री साडेदहाला सवयीने डिस्कॉर्ड उघडलं. चौघे होते, आणि एक अनोळखी नाव. मला बघून कॉलर म्हणाला, "ये ये. हा आपला नवीन पाचवा. याला विंडो दिलीये. कुठे उभं राहायचं ते विचारतोय, तुझा तो स्क्रीनशॉट कुठाय?"

पाठवला.